उन्हात उतरणारे रत्नांचे रंग

पावस, गोळप, पूर्णगड या रत्नागिरीच्या दक्षिणेकडील पट्ट्यात घरांच्या भिंती, आवारांचे गडगे आणि विहिरींची बांधकामे ज्या जांभ्याच्या चिऱ्यांची असतात, त्या चिऱ्यांचा तांबडा रंग पिढ्यानपिढ्या ऊन-पाऊस सोसूनही उतरत नाही. वरून शेवाळाने काळवंडलेला जुना चिरा फोडला, तर आत तोच तांबडा रंग दिसतो. हा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. घाटावरच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्ट खडकात, ज्या पोकळ्या असतात त्यांत कधीकधी जांभळ्या स्फटिकांचे दाट पुंजके सापडतात, आणि त्यांच्या रंगाच्या मुळाशीही लोहच असते. कोकणचा जांभा हासुद्धा प्रामुख्याने याच बेसाल्टची झीज होऊन, त्यातील सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊन तयार झालेला खडक आहे. तरीही हा जांभळा स्फटिक ऊन येणाऱ्या खिडकीत वर्षानुवर्षे ठेवला, तर तो हळूहळू फिका पडत जातो. खडकाचे मूळ एक आणि रंग देणारे द्रव्यही एक असताना एका रंगाला सूर्य धक्का लावू शकत नाही आणि दुसऱ्याला मात्र तो पुसून टाकतो, असे का व्हावे, या प्रश्नात रत्नांच्या रंगाचे बरेचसे शास्त्र सामावलेले आहे, आणि अंगठीसाठी खडा विकत घेणाऱ्या सामान्य माणसाच्या खिशाशीही त्याचा थेट संबंध आहे.

रत्न हे काळावर मात करणारे द्रव्य आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. कठीणपणाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. रंगाच्या बाबतीत मात्र ती सरसकट लागू पडत नाही. रत्नांचे रंग मुख्यतः दोन प्रकारे निर्माण होतात आणि प्रकाशापुढे टिकण्याची त्यांची क्षमता या दोन प्रकारांवरच अवलंबून असते.

पहिल्या प्रकारात रंग देणारा अणू स्वतःच, आपल्या स्थिर अवस्थेत, प्रकाशातील काही भाग शोषून घेतो. माणिक हे याचे उत्तम उदाहरण होय. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, ज्याला कुरुंद म्हणतात. शुद्ध कुरुंद पाण्यासारखा रंगहीन असतो, परंतु त्यातील थोड्या ॲल्युमिनियम अणूंची जागा क्रोमियमने घेतली की तो प्रकाशातील हिरवा आणि जांभळट भाग शोषतो आणि लाल दिसू लागतो. पाचूचा हिरवा रंग क्रोमियम व व्हॅनेडियम यांच्यामुळे, तर नीलमचा निळा रंग लोह आणि टायटॅनियम यांच्या जोडीमुळे येतो. सूर्यप्रकाश या अणूंना स्फटिकातून बाहेर काढू शकत नाही आणि त्यांची अवस्थाही कायमची बदलू शकत नाही, म्हणून अशा रत्नांचा रंग शतकानुशतके तसाच राहतो.

या स्थिर रंगाच्या रत्नांचा रत्नागिरीशी ऐतिहासिक संबंध आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ च्या डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला तोही येथेच, आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही शहरात उभा आहे. जगातील सर्वांत नावाजलेली माणके देणाऱ्या मोगोकच्या खाणी याच राजाच्या राज्यात होत्या. मंडाले सोडताना ‘ङा मौक’ नावाचे राजघराण्याचे प्रसिद्ध माणिक आपण कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपवले आणि ते परत मिळाले नाही, अशी थिबाची तक्रार होती. सोबत आणलेल्या जडजवाहिरातील बरेचसे रत्नागिरीच्या वास्तव्यात खर्च भागवण्यासाठी विकावे लागले. मोगोकच्या माणकात लोहाचे प्रमाण फार कमी असल्यामुळे त्यातील क्रोमियम सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून स्वतः लाल प्रकाश बाहेर टाकते, म्हणजेच ते प्रतिदीप्त होते. म्हणून उन्हात हे माणिक फिके पडणे दूरच, उलट निखाऱ्यासारखे अधिक तेजाळ दिसते. थिबाच्या दागिन्यांतील माणके आज जगात कोठेही असली, तरी त्यांचा लाल रंग तो मंडालेच्या राजवाड्यात होता तसाच असणार.

दुसऱ्या प्रकारचा रंग यापेक्षा नाजूक असतो. तो अणूमुळे नव्हे, तर आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणी अडकलेल्या इलेक्ट्रॉनमुळे, किंवा इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे राहिलेल्या रिकाम्या जागेमुळे उत्पन्न होतो. स्फटिकातील अशा स्थानाला रंगकेंद्र म्हणतात. जमिनीखाली खडकातील पोटॅशियम, युरेनियम, थोरियम यांच्या किरणोत्सारी अणूंपासून अत्यल्प प्रमाणात पण अखंड निघणारे गॅमा किरण लक्षावधी वर्षे स्फटिकावर पडत राहतात. ते इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जागेवरून उडवतात आणि त्यांतील काही इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या रचनेतील एखाद्या दोषात जाऊन अडकतात. या अडकण्याची खोली फार महत्त्वाची आहे. पावसच्या आसपासच्या सड्यांवर पावसाळ्यात जी डबकी साचतात, त्यांतील उथळ डबके श्रावणातल्या दोन दिवसांच्या उघडिपीत आटते आणि खोल डबके दिवाळीपर्यंत टिकते. इलेक्ट्रॉनांचेही तसेच होते. उथळ अडकलेल्या इलेक्ट्रॉनला सुटण्यासाठी दिवसाच्या प्रकाशातील ऊर्जा पुरते आणि तो मूळ जागी परतताच रंग नाहीसा होतो. खोल अडकलेल्याला सोडवायला भट्टीतली उष्णताच लागते. रंग गेला म्हणजे रत्नातून कोणते द्रव्य निघून गेले, असे नाही. रत्नाचे वजन, काठिण्य, चकाकी सारे तसेच राहते आणि पुन्हा किरणोत्सार दिला तर बहुधा रंगही परत येतो.

दख्खनच्या पठारावरील जांभळा स्फटिक, ज्याला रत्नव्यापारात ॲमेथिस्ट आणि बोलीत जमुनिया किंवा कटेला म्हणतात, तो या दुसऱ्या प्रकारात मोडतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून महाराष्ट्राची बहुतेक भूमी तयार झाली. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांतून पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून गारगोटी, अकीक, ॲपोफिलाइट आणि झिओलाइट वर्गातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी खनिजे वाढली. विहीर खणताना, रस्त्यासाठी डोंगर फोडताना किंवा खडी काढताना सुरुंगाने अशी एखादी पोकळी उघडी पडते. जळगाव, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतील अशा खनिजांना जगभरच्या संग्रहालयांत स्थान आहे, आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय तर केवळ त्यांच्यासाठीच उभे राहिले. ॲमेथिस्टच्या स्फटिकात सिलिकॉनच्या जागी लोहाचे अगदी थोडे अणू बसलेले असतात. गॅमा किरणांनी त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की लोह एका असाधारण अवस्थेत जाते, प्रकाशातील पिवळा-हिरवा भाग शोषू लागते आणि स्फटिक जांभळा दिसतो. जांभ्यातील लोह मात्र ऑक्सिजनशी बांधले जाऊन आपल्या सर्वांत स्थिर अवस्थेला पोचलेले असते. त्याला परतायला दुसरी जागाच नाही. दोन्ही रंगांच्या नशिबातला फरक पडतो तो येथे.

ॲमेथिस्टचा इलेक्ट्रॉन बराच खोल अडकलेला असतो, म्हणून त्याचा दागिना रोज वापरला तरी एका पिढीत सहसा फरक जाणवत नाही. धोका असतो तो सतत उन्हात राहणाऱ्या नमुन्याला. अलीकडे बैठकीच्या खोलीत शोभेसाठी ॲमेथिस्टची मोठी पोकळी खिडकीजवळ ठेवण्याची पद्धत पडली आहे. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा तीव्र भाग अडवत असली, तरी त्याचा सौम्य भाग आणि सारा दृश्य प्रकाश आत येऊ देते, त्यामुळे काचेमागे ठेवलेला नमुना सुरक्षित आहे असे समजण्यात अर्थ नाही. उष्णतेचा परिणाम तर झटपट होतो. चारशे-पाचशे अंश सेल्सियसला भाजले की अनेक ॲमेथिस्ट जांभळेपणा सोडून पिवळे किंवा नारिंगी होतात, आणि बाजारात सुनेला म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या स्फटिकांतील मोठा वाटा अशा भाजलेल्या ॲमेथिस्टचाच असतो.

मराठी घरांत ज्या रत्नाच्या बाबतीत हा विषय खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो, ते मात्र पुष्कराज होय. गुरूचे रत्न म्हणून पुष्कराजाला मोठी मागणी असते, आणि तो घेणारे बहुतेकजण रत्नांचे जाणकार नसतात. लग्न जमत नाही, नोकरी लागत नाही, अशा अडचणीच्या काळात, प्रसंगी उसनवारी करून, सराफाच्या शब्दावर विश्वास ठेवून तो घेतला जातो. ग्रहांचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो की नाही हा प्रश्न येथे बाजूला ठेवला, तरी पिवळ्या रंगासाठी पैसे मोजणाऱ्याला तो रंग टिकणारा मिळावा, एवढी अपेक्षा सर्वथा रास्त आहे.

आजच्या व्यवहारात पुष्कराज म्हणजे पिवळा कुरुंद, अर्थात माणिक आणि नीलम यांचाच भाऊबंद. त्याचा पिवळेपणा एकाच कारणाने येत नाही, हीच अडचणीची बाब आहे. काही खड्यांत तो लोहामुळे येतो आणि तो पूर्णपणे टिकाऊ असतो. काही खड्यांत तो ऑक्सिजनच्या वातावरणात उच्च तापमानाला भाजल्यामुळे येतो. ही प्रक्रिया असली, तरी तिने आलेला रंगही टिकतो. परंतु काही खडे असे असतात की ज्यांचा पिवळा रंग निव्वळ रंगकेंद्रांचा, आणि तोही उथळ अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा असतो. श्रीलंकेतील फिकट किंवा जवळजवळ रंगहीन कुरुंदावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले, तर तो पाहता पाहता सुंदर पिवळा होतो आणि काही तासांच्या किंवा काही दिवसांच्या उन्हात पुन्हा होता तसा फिकट होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ कर्ट नासाऊ आणि त्यांच्या सहकारी व्हॅलेंटी यांनी १९८७ मध्ये पिवळ्या कुरुंदाचे, रंगाचे कारण आणि प्रकाशातील टिकाऊपणा यांच्या आधारे सात प्रकार सांगितले. अस्थिर रंगाचा खडा आणि टिकाऊ रंगाचा खडा डोळ्यांना सारखाच दिसतो. नेहमीच्या भिंगाने, वक्रीभवनांक मोजणाऱ्या उपकरणाने किंवा वजनाच्या तराजूनेही हा भेद कळत नाही, कारण दोन्ही खडे खरे, नैसर्गिक कुरुंदच असतात. म्हणूनच येथे ‘खडा अस्सल आहे’ हे प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही.

असाच घोटाळा गेल्या दशकात पद्मराग जातीच्या, म्हणजे गुलाबी-नारिंगी छटेच्या कुरुंदाबाबत झाला. मादागास्करच्या बेमाइंटी भागातून आलेल्या काही खड्यांतील नारिंगी छटा उजेडात उडून जाऊन केवळ गुलाबी खडा शिल्लक राहू लागला, आणि या दोहोंच्या किमतींत फार मोठे अंतर असल्यामुळे आंतरराष्ट्रीय रत्नपरीक्षण प्रयोगशाळांना रंग-स्थैर्य चाचणी गांभीर्याने घ्यावी लागली. चाचणीची पद्धत सोपी आहे. खड्यावर आधी थोडा वेळ अतिनील दिव्याचा प्रकाश टाकतात, म्हणजे सुप्त रंगकेंद्रे असतील तर ती जागी होऊन रंग गडद होतो; मग तोच खडा काही तास तीव्र पांढऱ्या उजेडात ठेवतात आणि शेवटी जो रंग उरतो, तोच त्याचा खरा रंग धरतात.

निसर्गतःच अस्थिर रंगाची इतर रत्नेही कमी नाहीत. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील माशिशे खाणीत १९१७ मध्ये गर्द निळे बेरिल सापडले, तेव्हा ते अपूर्व रत्न वाटले होते, परंतु उजेडात त्याचा निळेपणा झरझर उतरला. पुढे १९७० च्या दशकात फिकट बेरिलला किरणोत्सार देऊन तसाच निळा रंग आणलेले खडे बाजारात आले, आणि घेणाऱ्यांची पुन्हा फसगत झाली. कॅलिफोर्नियात १९०२ मध्ये सापडलेले आणि रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे कुन्झाइट हे फिकट गुलाबी रत्न उन्हात पांढुरके होते, म्हणून ते संध्याकाळच्या समारंभातच घालावे असा संकेत पडला. अमेरिकेतील युटा राज्यात खडकाच्या पोकळीत मधाच्या रंगाचे टोपाझ मिळतात. उघड्यावर पडलेले टोपाझ मात्र तेथे रंगहीनच आढळतात, कारण सूर्याने आपले काम आधीच उरकलेले असते. बाजारात स्वस्तात मिळणारे निळे टोपाझ रंगहीन टोपाझला किरणोत्सार देऊन आणि मग तापवून तयार केलेले असते, पण त्याचा रंग टिकतो. यावरून किरणोत्साराने आणलेला प्रत्येक रंग उडतोच असे नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

राजस्थानातील किशनगडजवळ मिळणारे हॅकमनाइट हे सोडालाइट वर्गातील खनिज या सर्वांत विलक्षण म्हणावे लागेल. त्याचा ताजा फोडलेला पृष्ठभाग गुलाबी-जांभळा असतो आणि उजेड लागताच पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करडा पडतो. तो अंधारात ठेवला किंवा त्यावर अतिनील प्रकाश टाकला की गुलाबी रंग परत येतो, पुन्हा उजेडात जातो, आणि हे चक्र कितीही वेळा चालू शकते. येथे काहीच नष्ट होत नाही, फक्त एक इलेक्ट्रॉन दोन जागांमध्ये ये-जा करत असतो.

याच्या अगदी उलट उदाहरण मनशिळेचे आहे. आयुर्वेदात आणि जुन्या चित्रकलेत वापरले जाणारे हे शेंदरी-लाल खनिज म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. उजेडात त्याच्या रेणूंची मांडणीच बदलते आणि लालभडक स्फटिकाचा हळूहळू पिवळा भुगा होतो. हा बदल उलटवता येत नाही, त्यामुळे संग्रहालयांना मनशिळेचे चांगले नमुने बंद खणात, अंधारातच जपावे लागतात.

रंगवलेल्या खड्यांची गोष्ट आणखी वेगळी. फिकट पोवळे, मोती आणि अकीक यांना सेंद्रिय रंग देऊन गडद करण्याची पद्धत सर्रास आहे, आणि हे रंग कापडाच्या रंगाप्रमाणे उन्हात व घामाने फिके पडतात. हा दोष रत्नाचा नसून रंगाऱ्याचा असतो. गुजरातेतील खंबायतच्या कारागिरांनी मात्र उन्हाचा नेमका उलटा उपयोग करून घेतला. रतनपूरच्या खाणींतील मळकट तपकिरी अकीक ते आधी दीर्घकाळ उन्हात पसरून ठेवतात आणि मग मातीच्या मडक्यांत घालून भाजतात, तेव्हा त्यातील लोहाच्या संयुगांतील पाणी निघून जाते आणि दगड लाल होतो. हडप्पाकालीन लाल मणीही भाजण्याच्या याच तत्त्वाने बनत, आणि साडेचार हजार वर्षांनंतर उत्खननात निघालेल्या त्या मण्यांचा लाल रंग अजून शाबूत आहे. येथेही लोह जांभ्यातल्यासारखे ऑक्साइडच्या रूपात स्थिरावलेले असते.

नवरत्नांचा या दृष्टीने विचार केला, तर माणिक, नीलम, हिरा, गोमेद आणि लसण्या यांच्या बाबतीत प्रकाशाची चिंता सहसा करावी लागत नाही. पाचूचा रंग स्थिर असला तरी त्याच्या भेगांत भरलेले तेल शोकेसमधील दिव्यांच्या उष्णतेने आटते आणि भेगा उघड्या दिसू लागतात. मोती आणि पोवळे नैसर्गिक रंगाचे आहेत की रंगवलेले, हे पाहावे लागते. खरी शंका उरते ती पुष्कराजाबद्दल.

प्रकाशाचे नुकसान हे प्रकाशाची तीव्रता आणि काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे तत्त्व संग्रहालये पाळतात. प्रकाशाला नाजूक असलेल्या वस्तूंवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू न देण्याची त्यांची प्रथा आहे. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक होय. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो, म्हणजे उन्हातला एक तास संग्रहालयातील दोन हजार तासांच्या तोडीचा ठरतो. पावस सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढग आड येत असले, तरी एप्रिल-मेच्या निरभ्र कोकणी उन्हासारखी रंग-स्थैर्याची कसोटी कोणत्याही दिव्याला जमणार नाही.

ही कसोटी विकत घेणाऱ्यालाही वापरता येते. पुष्कराज घेताना केवळ अस्सलपणाच्या नव्हे, तर रंग-स्थैर्य चाचणीच्या अहवालाचीही मागणी करावी. तो मिळत नसेल, तर खडा कोंदणात बसवण्यापूर्वी त्याचा रंग पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, विक्रेत्यासमक्ष पाहून ठेवावा, आठवडाभर उन्हात ठेवल्यावर रंग उतरल्यास खडा परत घेतला जाईल असे पावतीवर लिहून घ्यावे, आणि हे लिहून देण्यास जो तयार होणार नाही, त्याच्याकडून तो खडा घेऊ नये.